सार्वजनिक पैशातील शोध आणि पेटंट : मनमाडच्या संदर्भात एक संवाद

विद्यापीठात किंवा विद्यापीठाच्या दर्जाच्या संशोधनसंस्थेत लागलेला अभियांत्रिकी शोध कोणाचा मानायचा, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटला तरी मुळात तो सार्वजनिक नीतीचा आहे. कारण प्रयोगशाळेची इमारत, उपकरणे, प्राध्यापकांचे वेतन आणि संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती यांचा मोठा भाग करदात्यांच्या पैशातून येतो आणि त्यातून निघालेल्या शोधावर संस्था स्वतःच्या नावे पेटंट घेते. पेटंट, म्हणजे एकस्व, हा राज्यसंस्था आणि शोधक यांच्यातील एक करार असतो. शोधकाने आपल्या शोधाचा संपूर्ण तपशील लेखी उघड करायचा आणि त्या बदल्यात राज्यसंस्थेने त्याला ठरावीक मुदतीपुरता, इतरांना तो शोध बनवण्यास, वापरण्यास किंवा विकण्यास मनाई करण्याचा अधिकार द्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. भारतात 20 एप्रिल 1972 पासून अमलात असलेल्या 1970 च्या पेटंट कायद्यानुसार ही मुदत आता अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांची आहे. पेटंट मिळवण्यासाठी शोध जगात कोठेही आधी प्रसिद्ध झालेला नसावा, त्या विषयातील जाणकारालाही सहज सुचण्यासारखा नसावा आणि उद्योगात वापरता येण्याजोगा असावा, अशा तीन कसोट्या त्याला पार कराव्या लागतात.

या प्रश्नाचा विचार महानगरातील प्रयोगशाळेत बसून करण्यापेक्षा नाशिक जिल्ह्यातील मनमाडसारख्या शहरातून करणे अधिक फलदायी ठरते. मनमाडला विद्यापीठ नाही. परंतु 1906 मध्ये स्थापन झालेले, पोलादी पुलांचे गर्डर तयार करणारे रेल्वेचे इंजिनिअरिंग वर्कशॉप येथे आहे आणि त्यामुळे फिटर, वेल्डर, रिव्हेट मारणारे कारागीर आणि अभियंते यांच्या पिढ्या या गावात घडल्या आहेत. दुसरीकडे हेच शहर पाण्याच्या तीव्र टंचाईसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याचे आवर्तन यांवर त्याची भिस्त राहिली असून नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याचे प्रसंग येथील नागरिकांनी वर्षानुवर्षे सोसले आहेत. एका बाजूला यंत्रकौशल्य आणि दुसऱ्या बाजूला निकडीची गरज, अशा या गावात विद्यापीठीय शोध पोहोचतो की नाही, आणि पोहोचत नसेल तर त्यात पेटंटचा अडसर होतो की पेटंटअभावी तो अडतो, हे तपासण्यासाठी पुढील संवादाची योजना केली आहे. त्यातील दोन्ही वक्ते कल्पित आहेत. एक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक असून विद्यापीठांनी पेटंट घेतलेच पाहिजे असे त्यांचे मत आहे. दुसरे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अभियंते असून सार्वजनिक पैशातील ज्ञान सर्वांना खुले असावे, या मताचे ते आहेत.

खुले ड्रॉइंग आणि बंद दावा

अभियंता : सर, आपल्या वर्कशॉपने शंभर वर्षांहून अधिक काळ पूल बांधणीला जे गर्डर पुरवले, ते कोणाच्या मक्तेदारीतून आलेले नाहीत. गर्डर म्हणजे दोन खांबांमधील अंतर पेलणारी पोलादी तुळई. तिचे ड्रॉइंग लखनौच्या आरडीएसओकडून, म्हणजे 1957 मध्ये स्थापन झालेल्या रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेकडून येते आणि तेच प्रमाणित ड्रॉइंग देशातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त कारखान्याला वापरता येते. त्यामुळे तपासणी करणाऱ्याला निकष ठाऊक असतात, ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती झाली की ती सगळीकडे एकाच वेळी लागू होते आणि एका कारखान्यातील माणूस दुसऱ्या कारखान्यात गेला तरी त्याचे शिक्षण वाया जात नाही. अभियांत्रिकी अशा सामाईक ज्ञानावर उभी राहते. मग विद्यापीठाने आपल्या शोधाभोवती कुंपण का घालावे?

प्राध्यापक : साहेब, प्रमाणित ड्रॉइंगची पद्धत रेल्वेत यशस्वी झाली, कारण तेथे संशोधन करणारी, माल बनवून घेणारी, तपासणारी आणि वापरणारी यंत्रणा शेवटी एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. प्रयोगशाळेतली कल्पना गर्डरच्या रूपात रुळांखाली जाईपर्यंतचा सगळा खर्च रेल्वे स्वतः सोसते. सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र, शेतीचे अवजार किंवा काडीकचऱ्यापासून इंधन बनवण्याची प्रक्रिया यांच्या बाबतीत अशी एकच एक यंत्रणा नसते. शेकडो नगरपरिषदा, हजारो उद्योजक आणि लाखो शेतकरी यांच्यापर्यंत ते न्यायचे असेल, तर कोणाला तरी मधला, सर्वांत खर्चिक आणि जोखमीचा टप्पा पार करावा लागतो. प्रयोगशाळेतील काही लिटरांचे यंत्र रोज लाखो लिटरांचे करायचे, त्यात येणारी अपयशे पचवायची आणि तरीही तगून राहायचे, यासाठी भांडवल घालणारा उद्योजक विचारतो की, यश आल्यावर शेजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी नक्कल केली तर आपल्या हाती काय उरणार? पेटंट हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अभियंता : हे तत्त्व म्हणून समजले, परंतु मनमाडच्या गरजेशी जोडून सांगता येईल का?

प्राध्यापक : येईल. मुंबईच्या आयआयटीमध्ये रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी विकसित केलेले मृदा जैवतंत्रज्ञान हे त्याचे योग्य उदाहरण आहे. या पद्धतीत सांडपाणी गाळून, स्थिरावून, दगड, विशिष्ट खनिजयुक्त माध्यम, माती आणि वनस्पती यांच्या थरांनी रचलेल्या वाफ्यावर सोडतात. वाफ्यातून ते झिरपत असताना मातीतील जिवाणू आणि गांडुळांसारखे जीव त्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकतात, हवेतील प्राणवायू वाफ्यात आपोआप खेळत राहतो आणि खनिजांमुळे आम्लता आटोक्यात राहते. नेहमीच्या सक्रिय गाळ पद्धतीत, म्हणजे टाकीतील जिवाणूंना यंत्राने सतत हवा पुरवण्याच्या पद्धतीत, विजेचा मोठा वाटा हवा फुंकणाऱ्या ब्लोअरवर खर्च होतो आणि शेवटी उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. येथे वीज प्रामुख्याने पंपापुरती लागते आणि गाळाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. जागा मात्र तुलनेने अधिक लागते. या प्रक्रियेवर भारतात पेटंट मिळाले आणि मे 2005 मध्ये अमेरिकेतही मिळाले. पुढे खासगी कंपन्यांनी परवाना घेऊन प्रकल्प उभारले. केवळ शोधनिबंध लिहून विषय संपवला असता, तर बांधकाम करून देणारी आणि त्याची जबाबदारी घेणारी यंत्रणा तयार झाली असती, असे वाटत नाही.

दुहेरी किमतीचा आक्षेप

अभियंता : उदाहरण चांगले आहे आणि म्हणूनच आक्षेपही त्याच उदाहरणावर घेता येतो. 2011 च्या जनगणनेनुसार मनमाडची लोकसंख्या सुमारे 80 हजार आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर पाणी हा निकष धरला, तर शहराला रोज सुमारे 1 कोटी 8 लाख लिटर पाणी लागेल आणि त्यातले 80 टक्के सांडपाणी होते या सर्वमान्य अंदाजानुसार सुमारे 86 लाख लिटर पाणी पुन्हा वापरण्याजोगे होऊ शकेल. आज निकषाएवढे पाणीच मिळत नाही, हे खरे. पण करंजवण धरणातून जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेसारख्या योजनांमुळे ते वाढेल, तेव्हा सांडपाणीही वाढणारच. अशा वेळी ज्या तंत्राच्या संशोधनाला या शहरातील करदात्यांनीही हातभार लावला आहे, त्याच्या वापरासाठी येथील नगरपरिषदेने पुन्हा परवानाधारकाच्या दाराशी जावे आणि एकाच कंपनीकडे परवाना असेल तर ती सांगेल ती किंमत द्यावी, हे न्याय्य कसे? लोकांनी एकाच वस्तूसाठी दोनदा पैसे मोजावेत, असा याचा अर्थ होतो.

प्राध्यापक : आक्षेप गंभीर आहे; मात्र त्यातला दोष पेटंटचा नसून परवान्याच्या अटींचा आहे. परवाना दोन प्रकारचा असतो. अनन्य परवान्यात एकाच उद्योगाला हक्क मिळतो, तर सामाईक परवान्यात समान अटींवर अनेकांना तो दिला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने जनुके जोडण्याच्या कोहेन-बॉयर तंत्रावर 1980 मध्ये मिळालेले पेटंट शेकडो कंपन्यांना सामाईक परवान्याने दिले, त्यातून कोट्यवधी डॉलरचे उत्पन्न मिळाले आणि तरीही कोणाची मक्तेदारी निर्माण झाली नाही. त्याही आधी, 1923 मध्ये, इन्सुलिनच्या शोधकांनी आपले अमेरिकी पेटंटहक्क प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाकडे सोपवले, ते दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन औषध अडवू नये आणि बनवणाऱ्यांच्या मालाचा दर्जा राखता यावा म्हणूनच. पेटंट विद्यापीठाच्या हाती असले की, कोणाला, कोणत्या दराने आणि कोणत्या दर्जाच्या अटीवर द्यायचे, हे विद्यापीठाला ठरवता येते. ते घेतलेच नाही तर ठरवण्याचा अधिकारच राहत नाही.

अभियंता : दुसऱ्याने अडवू नये एवढाच हेतू असेल, तर शोध प्रसिद्ध करणे पुरेसे आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. ते कशाच्या बळावर रद्द झाले? हळदीवर भारताचे पेटंट होते म्हणून नव्हे, तर तिचा हा गुण आधीपासून ग्रंथांत आणि नियतकालिकांत छापलेला होता म्हणून. छापलेले ज्ञान हीच सर्वांत स्वस्त ढाल आहे.

प्राध्यापक : ढाल आहे, पण तिच्या मर्यादाही आहेत. प्रसिद्ध झालेल्या शोधावर तसेच्या तसे पेटंट कोणी घेऊ शकत नाही. परंतु त्यात महत्त्वाची सुधारणा करून त्या सुधारणेवर घेऊ शकतो, आणि मग मूळ संशोधन आपले असूनही त्याचे उपयुक्त रूप वापरण्यासाठी आपल्यालाच परवानगी मागावी लागते. शिवाय, आपल्याकडील संशोधक बहुतेक वेळा आधी परिषदेत निबंध वाचतात आणि मग पेटंटचा विचार करतात. कायद्यात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत असली, तरी ती सगळ्या प्रकारच्या प्रसिद्धीला लागू होत नाही आणि परदेशांतील नियम वेगळे असतात. म्हणून तात्पुरता अर्ज आधी दाखल करणे आणि मग प्रसिद्धी देणे, हा क्रम विद्यार्थ्यांना शिकवलाच पाहिजे. तात्पुरत्या अर्जानंतर संपूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. पेटंट घेणे म्हणजे ज्ञान लपवणे नव्हे. उलट, अठरा महिन्यांनंतर अर्ज प्रसिद्ध होतो आणि तो कोणालाही वाचता येतो.

मोजणीचा मोह

येथवर दोन्ही बाजू तत्त्वाच्या पातळीवर होत्या. संवाद महाविद्यालयांतील प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळला, तेव्हा मात्र बचाव करणाऱ्या प्राध्यापकांनाच आपल्या बाजूतील उणिवा मांडाव्या लागल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत.

अभियंता : आपण म्हणता तसा अर्ज प्रसिद्ध होतो. परंतु आजकाल अनेक महाविद्यालयांच्या फलकांवर आणि माहितीपुस्तिकांत 'पेटंट प्रसिद्ध झाले' असे अभिमानाने लिहिलेले असते. प्रसिद्ध होणे आणि मंजूर होणे यांत फरक नाही का?

प्राध्यापक : फार मोठा फरक आहे. अर्ज ठरल्या वेळी प्रसिद्ध होणे ही केवळ कार्यालयीन पायरी आहे. जादा शुल्क भरले तर ती लवकरही उरकते. त्यानंतर परीक्षणाची विनंती करावी लागते, परीक्षक जगभरातील पूर्वज्ञान तपासून आक्षेप नोंदवतो, त्यांची उत्तरे द्यावी लागतात, मंजुरीपूर्वी कोणतीही व्यक्ती विरोध दाखल करू शकते आणि या सगळ्यातून टिकले तरच पेटंट मिळते. महाराष्ट्रातील अर्जांसाठी हे काम मुंबईच्या पेटंट कार्यालयात चालते. सप्टेंबर 2021 मधील नियमदुरुस्तीने शैक्षणिक संस्थांचे शुल्क 80 टक्क्यांनी घटवले, त्यामुळे मोठ्या उद्योगाला जेथे अर्जासाठी 8,000 रुपये लागतात तेथे महाविद्यालयाला ऑनलाइन अर्ज 1,600 रुपयांत करता येतो. ही सवलत योग्यच आहे. परंतु राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, प्रसिद्ध आणि मंजूर अशा दोन्ही प्रकारच्या पेटंटांची संख्या मोजली जाते. त्यामुळे परीक्षणापर्यंत न्यायचा विचारही नसलेले अर्ज केवळ संख्येसाठी दाखल करण्याचा मोह निर्माण झाला आहे. त्यातून ज्ञानही वाढत नाही आणि उद्योगही वाढत नाही.

अभियंता : मंजूर झालेल्यांचे तरी काय होते? मागणी नसलेला गर्डर घडवून यार्डात ठेवला तर पोलाद गंजते. तसेच न वापरलेल्या पेटंटचे होते, फक्त तेथे वर्षे गंजतात.

प्राध्यापक : अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 1980 पूर्वी तेथे सरकारी पैशातील संशोधनाची पेटंटे बहुतांशी सरकारच्या नावावर जात. अशी सुमारे 28 हजार पेटंटे साठली होती आणि त्यांतील पाच टक्क्यांहूनही कमी उद्योगांपर्यंत पोहोचली होती, असे त्या वेळच्या चर्चेत सांगितले गेले. म्हणून डिसेंबर 1980 च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना मालकी दिली. मात्र परवानाधारकाने शोध वापरात आणला नाही, तर सरकारला हस्तक्षेप करून इतरांना परवाना देता येईल, अशी तरतूदही ठेवली. भारतात याच धर्तीचे विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि 2014 मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक संस्थेचे धोरण वेगवेगळे आहे.

अभियंता : टीका होणे स्वाभाविक होते. विद्यापीठाचे उत्पन्न वाढवणे हा हेतू पुढे आला की ज्या विषयात पैसा आहे तेवढेच संशोधन होईल, आणि मनमाडच्या सांडपाण्यासारखे, गरिबाघरच्या गरजेचे विषय मागे पडतील, ही भीती खोटी नव्हती. आपल्याच दौंड-मनमाड लोहमार्गावर राहुरी आहे. तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पिंपळगाव बसवंत केंद्रातून 'बसवंत 780' हा कांद्याचा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला, तो शिफारस, बियाणे आणि प्रात्यक्षिके यांच्या मार्गाने. पेटंटच्या परवान्याशिवायही विद्यापीठीय संशोधन शेताच्या बांधापर्यंत जाते, याचा हा पुरावा नव्हे का?

प्राध्यापक : पुरावा आहे, मात्र तो विस्तारकार्याच्या ताकदीचा आहे. भारतीय कायद्यानुसार वनस्पतींचे वाण आणि शेतीच्या पद्धती यांना पेटंट मिळतच नाही. तेथे कृषी विद्यापीठाकडे केंद्रे, कर्मचारी आणि शेतकऱ्यांशी रोजचा संबंध ही वाहून नेणारी व्यवस्था आधीच तयार होती. अभियांत्रिकी संस्थांकडे अशी विस्तारयंत्रणा नाही, आणि हीच खरी उणीव आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून 1933 मध्ये सुरू झालेली आणि 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झालेली ही संस्था. तेथील ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राने गव्हाच्या काडासारख्या शेतीतील टाकाऊ भागापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र विकसित केले. त्यावर रोज दहा टन काडीकचरा वापरणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उत्तराखंडातील काशीपूरला एप्रिल 2016 मध्ये सुरू झाला. त्यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा, उद्योगाची जागा आणि संस्थेचे शास्त्रज्ञ असे तिघे एकत्र यावे लागले. पेटंट त्यात आवश्यक होते. पुरेसे मात्र नव्हते.

कागदात न मावणारे ज्ञान

अभियंता : 'पुरेसे मात्र नव्हते' हे वाक्यच या चर्चेचे मर्म आहे. पेटंटच्या कागदात दावे लिहिलेले असतात, म्हणजे कोणत्या गोष्टीवर हक्क आहे त्याच्या सीमा आखलेल्या असतात. परंतु जाड पत्र्याचे वेल्डिंग करताना उष्णतेने तो कोणत्या बाजूला वाकेल, म्हणून टाके कोणत्या क्रमाने घालायचे, हे वेल्डर हातानेच शिकतो. मृदा जैवतंत्रज्ञानाच्या अमेरिकी पेटंटचा, अर्जापासून मोजला जाणारा वीस वर्षांचा मूळ काळ आता सरलेला आहे. पण मुदत संपली म्हणून मनमाडची नगरपरिषद उद्या तो वाफा स्वतः बांधू शकेल, असे होत नाही. माध्यम कसे निवडायचे, कोणत्या थरात किती झिरपा ठेवायचा, वाफा तुंबू लागला तर काय करायचे, हे शिकलेली माणसे गावात हवीत. शंकर आबाजी भिसे या आपल्या मराठी संशोधकाने छपाईचे टाइप ओतण्याच्या यंत्रांवर परदेशांत पेटंटे मिळवली, सर रतन टाटांचे साह्यही लाभले, तरी उत्पादन आणि भांडवल यांचा झगडा त्यांना 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निधन होईपर्यंत सुटला नाही. हक्क हाती असणे आणि काम उभे राहणे यांत एवढे अंतर असते.

प्राध्यापक : हे अंतर मान्य आहे; ते बुजवण्याच्या काही वाटा कायद्यातच आहेत, पण आपण त्या वापरत नाही. पेटंट असलेली वस्तू किंवा प्रक्रिया केवळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकवणे यांसाठी वापरता येते. म्हणजे येथील आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला असा छोटा वाफा शिकवण्यासाठी बांधायला पेटंट आड येत नाही. पेटंटधारकाला आपला शोध भारतात वापरात आहे की नाही, याचे निवेदन नमुना 27 मध्ये द्यावे लागते. 2024 च्या नियमांनी ते आता तीन वर्षांतून एकदा द्यायचे आहे. मंजुरीनंतर तीन वर्षांनी, लोकांची वाजवी गरज भागत नसेल किंवा किंमत परवडणारी नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. 2012 मध्ये नाटको या हैदराबादच्या कंपनीला कर्करोगावरील औषधासाठी तो मिळाला आणि महिन्याचा औषधखर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांवरून 8,800 रुपयांवर आला. शिवाय, सरकारी कामासाठी शोध वापरण्याची तरतूदही कायद्यात आहे.

अभियंता : नगरपरिषदेने सक्तीच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे दावा लढवावा, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. खासगी कंपनीच्या पेटंटविरुद्ध ते शस्त्र योग्य आहे; पण विद्यापीठ ही लोकांचीच संस्था असताना लोकांना तिच्याविरुद्ध कायद्याचा आधार घ्यावा लागणे, हेच मुळी अयोग्य. विद्यापीठाने पहिल्याच दिवशी, परवाना देतानाच, स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळी अट लिहून ठेवली पाहिजे.

प्राध्यापक : ती सूचना स्वीकारण्यासारखी आहे. त्याबरोबर आणखी एक मुद्दा वर्कशॉपच्या बाजूने मांडला पाहिजे. कारखान्यातील कामगार रोजच्या कामात जिग सुधारतात, म्हणजे तुकडे नेमक्या जागी धरून ठेवणारी चौकट बदलतात, अवजाराला नवा आकार देतात. त्याची नोंद होत नाही आणि पुढे तीच कल्पना कोणाच्या तरी नावावर जाते. कायदा खऱ्या आणि पहिल्या शोधकाला महत्त्व देतो आणि पेटंटवर शोधकाचे नाव नोंदवण्याचा हक्कही देतो. महाविद्यालय आणि कारखाना एकत्र आले, तर कामगाराचे नाव शोधक म्हणून नोंदले जाऊ शकेल. आपण पेटंटकडे केवळ कुंपण म्हणून पाहता, पण ज्याच्याकडे पदवी नाही त्याच्या बुद्धीची दप्तरी नोंद, असेही त्याचे रूप आहे.

अभियंता : हा मुद्दा मनापासून मान्य. तरीही मूळ भूमिका तीच राहते की, जेथे शोध लहान आहे, स्वस्त आहे आणि कोणत्याही गावच्या कारखान्यात बनण्याजोगा आहे, तेथे विद्यापीठाने पेटंटच्या मागे न लागता मोजमापांसह ड्रॉइंग प्रसिद्ध करावे, जसे रेल्वे करत आली आहे.

निष्कर्ष

या संवादात दोन्ही पक्षांचे पूर्ण ऐक्य झाले नाही आणि तसे होण्याची गरजही नाही. कारण मोठे भांडवल लागणारा शोध आणि गावच्या कारखान्यात बनणारा शोध यांना एकच नियम लावणे हीच या विषयातील मूळ चूक आहे. पहिल्या प्रकारात पेटंट घेणे योग्य आहे, परंतु विश्वस्ताच्या नात्याने. दुसऱ्या प्रकारात खुले प्रकाशन अधिक हितकारक आहे. पेटंट घेतले असता विद्यापीठाने काही बंधने स्वतःवर घालून घेतली पाहिजेत. शक्य तेथे परवाना सामाईक असावा. अनन्य परवाना द्यावाच लागला तर तो अल्प मुदतीचा असावा आणि ठरावीक वर्षांत शोध वापरात न आल्यास तो आपोआप संपुष्टात यावा. नगरपरिषदा, ग्रामपंचायती आणि सार्वजनिक रुग्णालये यांना नाममात्र शुल्कात वापराचा हक्क मूळ करारातच लिहिलेला असावा. क्रमवारीत पेटंटांच्या संख्येऐवजी प्रत्यक्ष चालू असलेल्या शोधांना गुण मिळावेत आणि केवळ प्रसिद्ध झालेल्या अर्जाला एकही गुण मिळू नये. परवाना शुल्कातून येणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधील प्रशिक्षणावर खर्च व्हावा, कारण शोध गावात रुजतो तो तेथील हातांमुळे.

मनमाडसारख्या शहरांवरही एक जबाबदारी येते. पेटंटचे दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पाणी, सांडपाणी, धान्यसाठवण आणि वेल्डिंग या आपल्या गरजांच्या विषयांतील मुदत संपलेली आणि चालू पेटंटे शोधून त्यांची मराठीत सूची करणे, हे येथील महाविद्यालयांना आणि निवृत्त अभियंत्यांना आजही शक्य आहे, आणि नगरपरिषदेने नवा प्रकल्प आखताना ती सूची पाहिली तर निविदेतील अटी अधिक जाणतेपणाने लिहिता येतील. सार्वजनिक पैशातून लागलेल्या शोधाची योग्यता त्याच्या पेटंट क्रमांकावरून ठरत नाही; तो ज्यांच्या पैशातून लागला त्यांच्या उपयोगाला किती आला, यावरूनच ती ठरवली पाहिजे.